पाथरीचा मुक्काम: गोदाकाठची वाट, सराई आणि नांदेडचे विमानतळ

परभणी जिल्ह्याच्या पश्चिम भागात, गोदावरीच्या उत्तर तीरापासून थोड्या अंतरावर वसलेल्या पाथरी या तालुक्याच्या गावी आज विमानाने यायचे झाल्यास प्रवाशापुढे तीन वाटा असतात. पूर्वेला नांदेडचे श्री गुरू गोबिंद सिंघजी विमानतळ, वायव्येला औरंगाबादचे, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरचे, चिकलठाणा विमानतळ आणि पश्चिमेला बऱ्याच दूर, शिर्डीसाठी काकडी येथे बांधलेले विमानतळ. यांपैकी नांदेड सर्वांत जवळचे, तरी तेही सुमारे १२० किलोमीटरवर आहे; त्यामुळे विमानातून उतरणारा माणूस पहिली रात्र बहुधा नांदेडातच काढतो आणि दुसऱ्या दिवशी बसमत, परभणी, मानवत या वाटेने पाथरीला येऊन संध्याकाळपर्यंत परतण्याचा बेत आखतो. पाथरीच्या वाट्याला येतो तो दिवस, रात्र मात्र दुसऱ्या गावाची असते. ही स्थिती विमानामुळे निर्माण झाली असे वरवर वाटते, परंतु गोदाकाठच्या प्रवासाचा इतिहास पाहिला असता प्रवाशाचा मुक्काम पाथरीतून हलण्याची क्रिया किमान साडेतीनशे वर्षे चालू असल्याचे दिसते. गावाचे महत्त्व राज्ये आणि लढाया यांवरून मोजण्याची इतिहासलेखनाची सवय जुनी असली, तरी पाथरीपुरते बोलायचे तर प्रवासी रात्री कोठे थांबत होता, हा प्रश्न त्याहून अधिक काही सांगून जातो.

ही वाट फार जुनी आहे. वाशीम येथे सापडलेल्या वाकाटक राजा दुसरा विंध्यशक्ती याच्या ताम्रपटात, म्हणजे चौथ्या शतकाच्या उत्तरार्धातील दानलेखात, ‘नांदीकड’ या प्रदेशाच्या उत्तरमार्गातील एका गावाचे दान नोंदलेले आहे. नांदीकड म्हणजे आजचे नांदेड, असे अभ्यासक मानतात. आणि ‘मार्ग’ ही त्या काळी एका महसुली विभागाची संज्ञा होती, म्हणजे गावांची मोजदाद एखाद्या रस्त्याच्या आधाराने केली जात असावी, असा तर्क येथे करता येतो. त्याही आधी सातवाहनांची राजधानी प्रतिष्ठान, म्हणजे पैठण, गोदावरीच्याच काठी होती आणि तेथून नदीच्या अंगाने पूर्वेकडे तेलंगणात उतरणे हा निसर्गानेच आखून दिलेला मार्ग होता. गोदावरीला ‘गंगा’ आणि तिच्या दोन्ही काठांच्या सुपीक पट्ट्याला ‘गंगथडी’ म्हणणाऱ्या या प्रदेशात घाट चढण्याउतरण्याचा त्रास फारसा नाही. अडचण असे ती पावसाळ्यातील काळ्या चिखलाची आणि पूर आल्यावर नदीचा उतार बंद होण्याची. मुक्काम लांबण्याचे कारण या मुलखात डोंगरापेक्षा नदी हेच अधिक वेळा ठरले.

वाटेवरच्या रात्रीचा विचार मध्ययुगीन मराठीने किती बारकाईने केला होता, याचा पुरावा महानुभाव वाङ्मयात सापडतो. श्रीचक्रधरस्वामींचा तेराव्या शतकातील संचार मुख्यतः गोदावरीच्या दोन्ही तीरांवर झाला, आणि ते जेथे जेथे थांबले त्या स्थळांची नोंद करणारा ‘स्थानपोथी’ हा स्वतंत्र ग्रंथ त्यांच्या अनुयायांनी सिद्ध केला. या परंपरेत दीर्घ वास्तव्याच्या जागेला ‘अवस्थान’, रात्रीपुरत्या निवासाला ‘वसती’ आणि घडीभर बसण्याच्या जागेला ‘आसन’ असे वेगवेगळे म्हटले जाते. देऊळ कोणत्या दिशेला तोंड करून आहे, मठ कोठे आहे, त्यातील पटिशाळा, म्हणजे ओसरीसारखी जागा, कोणत्या बाजूस आहे, हेही तेथे टिपलेले असते. त्यावरून त्या काळी परगावच्या माणसाचा निवारा म्हणजे देवळाचा सभामंडप, मठ, गुंफा किंवा एखाद्या गृहस्थाची ओसरी होती, हे स्पष्ट होते. पैसे घेऊन खोली देण्याची कल्पना त्या जगात नव्हती. संन्याशासाठी तर शास्त्राने मुक्कामाची मर्यादाच ठरवून दिली होती: खेड्यात एक रात्र, नगरात पाच, आणि पावसाळ्यातील चातुर्मासात मात्र एकाच ठिकाणी वास्तव्य. पायी चालणाऱ्याच्या या जगात दर काही कोसांवर रात्र पडत असल्याने वाटेवरचे कोणतेही गाव पूर्णपणे वगळले जाणे शक्य नव्हते.

पाथरीचा सर्वांत भरभराटीचा काळ या जगाच्या अखेरच्या टप्प्यात येतो, आणि त्याकडे मराठी वाचकाचे जेवढे लक्ष जायला हवे तेवढे गेलेले नाही. संस्कृत ग्रंथांत ‘पार्थपूर’ या नावाने येणारे गाव म्हणजे आजची पाथरी, असे शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ या १८९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात दाखवून दिले. या पार्थपुरात ज्ञानराज नावाच्या ज्योतिष्याने १५०३ च्या सुमारास ‘सिद्धांतसुंदर’ हा ग्रंथ रचला. ‘सिद्धांत’ म्हणजे ग्रहगतीचे गणित मूळ तत्त्वांपासून मांडणारा ग्रंथ. रोजच्या पंचांगासाठी वापरायच्या ‘करण’ ग्रंथाहून तो वेगळा असतो, आणि भास्कराचार्यांच्या ‘सिद्धांतशिरोमणी’नंतर साडेतीनशे वर्षांनी असा परिपूर्ण सिद्धांत लिहिण्याचे धाडस ज्ञानराजाने केले. त्याचा पुत्र सूर्यदास, ज्याला सूर्यपंडित असेही म्हणतात, याने भास्कराचार्यांच्या बीजगणितावर १५३८ मध्ये ‘सूर्यप्रकाश’ आणि लीलावतीवर १५४१ मध्ये ‘गणितामृतकूपिका’ अशा टीका लिहिल्या. त्याच सूर्यदासाने ‘रामकृष्णविलोमकाव्य’ रचले. ते सरळ वाचले असता रामाची कथा सांगते आणि उलट्या क्रमाने वाचले असता कृष्णाची. ‘जातकाभरण’ हा फलज्योतिषावरचा प्रसिद्ध ग्रंथ लिहिणारा ढुंढिराजही पार्थपूरचाच. एका गावात दोन-तीन पिढ्या असे लेखन चालत असेल, तर तेथे शिष्य येऊन राहत असणार, पोथ्यांच्या नकला होत असणार आणि शास्त्रार्थासाठी आलेल्या परगावच्या पंडितांची सोय गुरुगृहीच होत असणार, हे त्या काळच्या विद्याव्यवहाराची रीत पाहता निश्चित म्हणता येते. त्या काळी पाथरीला आलेला विद्यार्थी वर्षानुवर्षे राहत असे. पाथरीने पाहिलेला सर्वांत दीर्घ मुक्काम तो हाच.

नेमक्या याच दशकांत पाथरी राजकारणाच्याही केंद्रस्थानी आली. अहमदनगरच्या निजामशाहीचा मूळपुरुष मलिक हसन हा मुळात पाथरीच्या ब्राह्मण कुलकर्णी घराण्यातील असून बहमनी सैन्याने विजयनगरच्या मुलखात त्याला बालपणी पकडून नेले आणि पुढे तो मुसलमान होऊन बहमनी दरबारात वजिरीपर्यंत चढला, असे इतिहासकार फिरिश्ता याने नोंदवले आहे. त्याचा नातू बुऱ्हाण निजामशहा याला आपल्या पूर्वजांचे गाव आपल्या राज्यात असावे अशी ओढ होती. पाथरी त्या वेळी वऱ्हाडच्या इमादशाहीकडे होती; बदल्यात दुसरा मुलूख देऊ केला तरी इमादशहा ऐकेना, तेव्हा १५१८ मध्ये निजामशाही फौजेने पाथरी घेतली आणि ती आपल्या ब्राह्मण नातलगांना इनाम दिली. पुढे इमादशहाने ती परत मिळवली, बुऱ्हाणने ती पुन्हा जिंकली, आणि या एका गावापायी दोन सुलतानांचे वैर वर्षानुवर्षे धुमसत राहिले. महसुलापेक्षा कुळाच्या नात्याने एवढे युद्ध व्हावे, ही दख्खनच्या इतिहासातील दुर्मीळ घटना म्हणावी लागेल. आणि सिद्धांतसुंदराचा कर्ता ज्या गावात ग्रहांचे गणित मांडत होता त्याच गावाच्या वेशीवर या फौजा येत-जात होत्या, ही गोष्ट दोन्ही इतिहास वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवल्यामुळे सहसा लक्षात येत नाही.

अहमदनगरच्या चांदबिबीने १५९६ मध्ये वऱ्हाड मोगलांना दिल्यावर पाथरी मोगली सीमेवरचे ठाणे बनली, आणि १५९७ मध्ये अब्दुर्रहीम खानखानान, हिंदी दोह्यांचा कवी म्हणून ज्याला रहीम म्हणतात तोच, याने विजापूरच्या सुहैल खानाच्या नेतृत्वाखालील संयुक्त दख्खनी फौजेशी याच परिसरात गोदावरीच्या काठी मोठी लढाई दिली. अबुल फजलच्या ‘ऐन-ए-अकबरी’त वऱ्हाड सुभ्याच्या सरकारांमध्ये पाथरीचे नाव आहे. सुभा म्हणजे प्रांत, त्याखाली सरकार आणि सरकाराखाली परगणे किंवा महाल, अशी ती उतरंड होती. आज तालुक्याचे ठिकाण असलेली पाथरी त्या वेळी अनेक परगण्यांचे मुख्य ठाणे होती. अंमलदार, फौजदार, वकील, सावकार आणि हिशेब घेऊन आलेले देशमुख-देशपांडे यांना अशा ठाण्याला यावेच लागे, आणि कचेरीचे काम होईपर्यंत राहावेही लागे.

यानंतरचा बदल संथ, पण निर्णायक होता. मलिक अंबरने १६१० च्या सुमारास वसवलेली खडकी पुढे औरंगजेबाच्या सुभेदारीत औरंगाबाद झाली, आणि दख्खनचा मुख्य रस्ता औरंगाबाद ते गोवळकोंडा असा ठरला. हिऱ्यांच्या व्यापारासाठी गोवळकोंड्याला जाणारा फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निए आणि १६६६-६७ मध्ये हिंदुस्थानात फिरलेला त्याचा देशबांधव तेव्हेनो हे दोघेही या रस्त्याने गेले. ताव्हेर्निएने दिलेल्या मुक्कामांच्या यादीत औरंगाबादनंतर अंबड, आष्टी आणि पुढे नांदेड ही नावे ओळखू येतात. व्यापारी तांड्याला लागणारी सराई, म्हणजे चौकोनी आवार, एकच मोठा दरवाजा, भोवती कमानीदार ओवऱ्या आणि मध्ये जनावरे बांधण्याची जागा अशी वास्तू, ही राजरस्त्याच्या टप्प्यांवर उभी राहते. जुन्या ठाण्याच्या मानाचा तेथे विचार होत नाही. अंतर मोजून आणि पाणी पाहून टप्पे ठरतात. औरंगाबाद आणि गोवळकोंड्याजवळचे हैदराबाद या दोन मोठ्या शहरांच्या मध्ये आल्यावर पाथरी ‘जाण्याचे’ गाव न राहता ‘वाटेजवळचे’ गाव झाली, आणि पुढचे सर्व बदल याच दिशेने घडत गेले.

नांदेडचे नशीब मात्र एका मुक्कामाने पालटले. बादशहा बहादूरशहा आपला भाऊ कामबक्ष याच्या पारिपत्यासाठी १७०८ मध्ये दक्षिणेत येत असताना त्याच्याबरोबर आलेले गुरू गोबिंदसिंघजी गोदावरीकाठी नांदेडला थांबले. बैरागी माधोदास, जो पुढे बंदा सिंघ बहादूर म्हणून प्रसिद्ध झाला, तो त्यांना येथेच भेटला. गुरुपद यापुढे ग्रंथसाहिबाकडे राहील ही घोषणा येथेच झाली आणि ७ ऑक्टोबर १७०८ रोजी गुरूंचे देहावसानही येथेच झाले. लाहोरच्या महाराजा रणजितसिंघ यांच्या आश्रयाने १८३२ ते १८३७ या काळात आजची गुरुद्वाऱ्याची इमारत उभी राहिली, आणि पंजाबातून आलेली माणसे या निमित्ताने नांदेडात स्थायिक होऊन दखनी शीख हा समाज घडला. शिखांच्या पाच तख्तांपैकी एक असलेल्या तख्त सचखंड श्री हजूर साहिबच्या भोवती लंगर आणि सराई यांची जी व्यवस्था वाढत गेली, तिचे वैशिष्ट्य असे की येणाऱ्याची जात, धर्म किंवा ऐपत न पाहता अन्न आणि निवारा देणे हा तेथे पूजेचाच भाग आहे. महानुभावांच्या काळातील मठाची परंपरा आणि मोगली सराईचा प्रशस्तपणा येथे एकत्र आलेला दिसतो. नांदेडची आजची यात्री निवासे याच परंपरेची आहेत, आणि पुढे विमानतळाच्या वाढीलाही कारण ठरले ते हेच यात्रेकरू.

हैदराबादच्या निजामाच्या राजवटीत मुक्कामाची आणखी एक पद्धत आली, ती सरकारी दौऱ्याची. निजामाचा दिवाण पहिला सालारजंग याने १८६५ मध्ये जिल्हाबंदी, म्हणजे राज्याची जिल्ह्या-जिल्ह्यांत फेरमांडणी, केल्यानंतर पाथरी परभणी जिल्ह्यातील तालुका म्हणून राहिली आणि कलेक्टरच्या तोडीचा अधिकारी, ज्याला तेथे ‘अव्वल तालुकदार’ म्हणत, तो परभणीत बसू लागला. दौऱ्यावरील हाकिमांसाठी डाक बंगले, मुसाफिर बंगले आणि सामान्य प्रवाशांसाठी मुसाफिरखाने ही सोय झाली. परंतु बंगला नसलेल्या गावी अधिकाऱ्याचा तंबू पडला की पाणी, सरपण, वैरण, अंडी, कोंबडी, ओझ्याला माणसे आणि गाड्यांना बैल हे सर्व गावाने पुरवावे लागे, आणि त्याचा मोबदला क्वचितच मिळे. ही वेठबिगार हैदराबाद संस्थानातील ग्रामीण जनतेच्या रोषाचे एक मोठे कारण होते. पाहुणचाराची जुनी रीत आणि वेठीचा जुलूम या दोहोंत बाहेरून पाहता साम्य दिसते, कारण दोन्हीकडे परक्या माणसाला गाव पोसते. फरक एवढाच, आणि तो मूलभूत आहे, की पहिल्यात देणाऱ्याला नाही म्हणण्याचा अधिकार होता.

व्यापाऱ्याचा आणि शेतकऱ्याचा मुक्काम याच काळात मोंढ्यात हलला. मराठवाड्यात बाजारपेठेच्या आवाराला मोंढा म्हणतात. कापसाची गाडी घेऊन आलेला शेतकरी माल विकला जाईपर्यंत तेथेच गाडीखाली झोपे, आणि परगावचा व्यापारी अडत्याच्या दुकानाच्या माडीवर उतरे. मानवत, सेलू आणि परभणी या पेठा कापसावर वाढल्या, आणि त्यांना वाढवले ते रेल्वेने. हैदराबाद ते मनमाड ही निजाम सरकारची मीटरगेज रेल्वे, जिला गोदावरी खोऱ्याची रेल्वे म्हणत, १९०० च्या सुमारास पुरी झाली आणि नांदेड, पूर्णा, परभणी, मानवत रोड, सेलू, परतूर, जालना, औरंगाबाद अशी स्थानके तिच्यावर आली. लोहमार्ग पाथरीच्या उत्तरेकडून गेला, पाथरीला शिवला नाही. ज्या गावासाठी एकेकाळी सुलतान लढले, तेथे पोहोचण्यासाठी प्रवाशाने आता मानवत रोडला किंवा सेलूला उतरून बैलगाडी धरायची, असा हा बदल होता. जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने, म्हणजे सरकी वेगळी करून कापसाच्या गठाणी बांधणारे गिरणीवजा कारखाने, धर्मशाळा, चहाची दुकाने आणि खाणावळी रेल्वेच्या आधाराने वाढल्या. धर्मशाळा ही जुन्या दानधर्माची नवी वास्तू होती: दात्याचे नाव दगडात, खोल्या बिनभाड्याच्या किंवा नाममात्र भाड्याच्या, भांडी मागितली तर मिळत आणि स्वयंपाक ज्याचा त्याने करायचा. पुढे १९३२ मध्ये निजाम सरकारच्या रेल्वे खात्यानेच २७ मोटारगाड्यांनिशी बससेवा सुरू केली. तरीही ज्या गावी दिवसातून एक-दोनच गाड्या येतात तेथे रात्रीचा पाहुणा नातलगाच्याच घरी उतरतो, आणि लॉज निघण्याइतका परका माणूस तेथे साचत नाही.

हैदराबाद संस्थान १७ सप्टेंबर १९४८ रोजी भारतात विलीन झाले, मराठवाडा १९५६ मध्ये द्वैभाषिक मुंबई राज्यात आला, आणि याच संधिकाळात, १९५८ मध्ये, नांदेडला सार्वजनिक बांधकाम खात्याने धावपट्टी बांधली. तेथून नियमित प्रवासी वाहतूक सुरू व्हायला मात्र अर्धे शतक जावे लागले. गुरू ग्रंथसाहिबाला गुरुपद दिल्याच्या घटनेला २००८ मध्ये तीनशे वर्षे पूर्ण होत असल्याने गुरुतागद्दी सोहळ्यासाठी जगभरातून शीख भाविक येणार होते. त्या निमित्ताने नांदेडचा समावेश जवाहरलाल नेहरू नागरी पुनरुत्थान अभियानात झाला, रस्ते रुंद झाले, घाट बांधले गेले, धावपट्टी सुमारे २,३०० मीटर लांबीची झाली आणि नवी टर्मिनल इमारत उभी राहिली. पुढच्याच वर्षी राज्य शासनाने नांदेड, लातूर, बारामती, यवतमाळ आणि उस्मानाबाद ही पाच विमानतळे ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने खासगी कंपनीकडे सोपवली. सोहळा संपल्यावर प्रवासी घटले, सेवा खंडित झाली, आणि २७ एप्रिल २०१७ रोजी ‘उडान’ योजनेतील पहिल्या मार्गांपैकी एक म्हणून नांदेड-हैदराबाद विमान सुरू होईपर्यंत विमानतळाचे अस्तित्व बरेचसे नावापुरते राहिले. या योजनेत आरंभी साधारण तासाभराच्या उड्डाणातील निम्म्या जागांचे भाडे २,५०० रुपयांपर्यंत मर्यादित ठेवून कंपनीची तूट सरकारने भरून द्यायची, अशी तजवीज होती. शिर्डीचे विमानतळही १ ऑक्टोबर २०१७ रोजी, साईबाबांच्या समाधीच्या शताब्दी वर्षाच्या आरंभी, सुरू झाले. महाराष्ट्रातील तीर्थक्षेत्रांची ही दोन छोटी विमानतळे अशा रीतीने उत्सवाच्या तारखेला बांधलेली आहेत. जत्रेसाठी जसा मंडप घालावा तशी ती उभी राहिली, आणि मंडप उतरल्यानंतर तेथे रोज कोण येणार, हा प्रश्न मागाहून उभा ठाकला.

लहान शहराच्या विमानतळाजवळचा मुक्काम मोठ्या शहरापेक्षा वेगळा असतो, याचे कारण त्या विमानतळाच्या चालण्यातच आहे. दिवसातून मोजकीच उड्डाणे, तीही ठरावीक वारी; त्यामुळे एक विमान चुकले किंवा रद्द झाले की दुसरे लगेच मिळत नाही, आणि आदल्या रात्री शहरात येऊन राहणे शहाणपणाचे ठरते. मुंबईच्या विमानतळाभोवती केवळ विमानप्रवाशांवर जगणारी हॉटेले आहेत, तशी वेगळी वसाहत नांदेडला वाढण्याइतकी वर्दळ नाही. शिवाय विमानतळ शहराला अगदी लागून असल्याने तेथे उतरलेला माणूस थोड्याच वेळात गुरुद्वाऱ्याच्या परिसरात पोहोचतो आणि यात्री निवासात किंवा तिथल्या एखाद्या लॉजमध्ये उतरतो. अमृतसरहून थेट येणारी सचखंड एक्सप्रेस १९९० च्या दशकातील रुंद लोहमार्गामुळे शक्य झाली. विमानाने आलेला व्यावसायिक आणि त्या रेल्वेने दीड-दोन दिवस प्रवास करून आलेला पंजाबचा शेतकरी असे दोघे एकाच लंगरच्या पंगतीत बसलेले येथे दिसतात. नगीना घाट, बंदा घाट, माळटेकडी, शिकारघाट असा फेरा झाला की एक दिवस संपतो. दुसऱ्या दिवशी कोणी कंधारचा राष्ट्रकूटकालीन किल्ला पाहतो, कोणी माहूरला जातो, कोणी संत नामदेवांच्या नरसीला आणि औंढा नागनाथाला. गोदावरीच्या अंगाने वर जाणारे लोक जनाबाईच्या गंगाखेडला जातात.

पाथरी या फेऱ्यात आली ती अगदी अलीकडे, साईबाबांच्या नावाने. शिर्डीला येण्यापूर्वीचे साईबाबा कोण व कोठले, याविषयी त्यांच्या हयातीतच तर्क चालत. पाथरी, सेलू, मानवत या गावांचा उल्लेख त्यांच्या तोंडी येत असे आणि आपण पाथरीचे असून लहानपणी एका फकिराच्या स्वाधीन झालो असे त्यांनी आपले शिर्डीतील भक्त म्हाळसापती यांना सांगितले होते, अशी एक आठवण प्रसिद्ध आहे. गेल्या शतकाच्या सत्तरच्या दशकात साईचरित्राचे अभ्यासक वि. बा. खेर यांनी पाथरीत येऊन चौकशी केली आणि तेथील भुसारी घराण्याशी साईबाबांचा संबंध जोडणारे प्रतिपादन केले. त्या घराच्या जागेवर उभारलेले मंदिर १९९९ मध्ये भक्तांसाठी खुले झाले. शिर्डीत हे मत मान्य नाही, आणि साईबाबांनी स्वतः जात-धर्म उघड केला नाही, हा तेथील भक्तांचा आक्षेप आहे. जानेवारी २०२० मध्ये तत्कालीन मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी साईंचे जन्मस्थान म्हणून पाथरीच्या विकासासाठी १०० कोटी रुपयांची घोषणा केली, तेव्हा १९ जानेवारीला शिर्डीकरांनी गाव बंद ठेवून निषेध केला. या वादाचा निवाडा कागदपत्रांवरून होण्याजोगा नाही, आणि श्रद्धेच्या प्रांतात तो तसा होण्याची गरजही नाही. परंतु या वादामागे रात्रीच्या मुक्कामाचेही अर्थकारण होते, हे नाकारता येत नाही, कारण भाविक जेथे राहतो तेथे खोली, जेवण, प्रसाद, रिक्षा आणि फुले यांवर शेकडो घरे चालतात.

कल्याण-निर्मळ राष्ट्रीय महामार्ग माजलगावहून गोदावरी ओलांडून पाथरीत शिरतो आणि मानवत, परभणी, बसमत या मार्गाने नांदेडला पोहोचतो. म्हणजे ताव्हेर्निएच्या काळी बाजूला पडलेली पाथरी रस्त्याच्या हिशेबात पुन्हा मुख्य वाटेवर आलेली आहे. जायकवाडी प्रकल्पाचा डावा कालवा या तालुक्यात आल्यापासून कोरडवाहू ज्वारी-कापसाच्या शिवारात ऊस उभा राहिला, आणि ढालेगाव व मुदगल येथील बंधाऱ्यांमुळे नदीचे पात्रही पूर्वीसारखे उन्हाळ्यात उघडे पडत नाही. तरीही नांदेडहून निघालेली भाविकांची गाडी पाथरीत दर्शनापुरती थांबते, हे खरे आहे. आणि याचा दोष गावात खोल्या कमी आहेत यावर ढकलणे पुरेसे नाही. ज्या गावाविषयी आलेल्याला एकच गोष्ट सांगितली जाते तेथे तो एकच तास थांबतो. ज्ञानराज आणि सूर्यदास यांचे नाव, निजामशाहीच्या मूळपुरुषाचे कुळ, रहीमची लढाई, ऐन-ए-अकबरीतील सरकार, या सर्व गोष्टी पाथरीच्या आहेत. त्या पाहुण्यापर्यंत पोहोचवण्याचे काम जन्मस्थानाच्या वादापेक्षा सोपे असून ते अधिक जोमाने व्हायला हवे.

दीर्घ मुक्कामाची रीत या तालुक्यातून अगदीच गेलेली नाही. गोदावरीच्या काठी असलेल्या गुंज या गावी योगानंद सरस्वती, ज्यांना भक्त गांडा महाराज म्हणून ओळखतात, त्यांची समाधी आहे. पायी भारतभ्रमण करणारे आणि चातुर्मासाचा नियम काटेकोर पाळणारे वासुदेवानंद सरस्वती, म्हणजे टेंबे स्वामी (१८५४-१९१४), हे त्यांचे गुरू. दत्तसंप्रदायात गुरुचरित्राचे पारायण सात दिवसांचे असते, आणि ते क्षेत्राच्या ठिकाणी करणारा माणूस आठवडाभर जमिनीवर निजतो, एकभुक्त राहतो, पहाटे नदीवर स्नान करतो आणि समाप्तीच्या दिवशी ब्राह्मण-सुवासिनींना जेवू घालून मगच परततो.